लेकरू थांबून थांबून रडतंय?

गेल्या पौषातली गोष्ट. लेक सात महिन्यांच्या बाळाला घेऊन माहेरी, केळझरला आली होती. बाळाची सर्दी नुकतीच बरी झालेली. एका सकाळी लेकरू अचानक पाय पोटाशी घेऊन किंचाळू लागलं. दोन-चार मिनिटांत गप्प, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘दात येत असतील व बाई, घुटी दे.’’ मी घुटी दिली, मीठ-मोहऱ्याही ओवाळल्या. दुपारी हिरवी उलटी झाली, बाळ मलूल पडलं. लंगोटात जेलीसारखी लाल शी दिसली, तेव्हा कुठे गाडी करून वर्धा गाठलं.

सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘आजी, सदऱ्याची बाही आत दुमडते ना, तसं आतड्यात आतडं शिरलंय. वाट बंद झाली आहे.’’ ऑपरेशनच्या भीतीने माझे पायच गळाले. पण त्या म्हणाल्या, ‘‘आधी बिनऑपरेशनचा प्रयत्न करू.’’

आधी सलाईन लावलं. मग शीच्या जागेतून नळी घालून कोमट सलाईन मोजक्या दाबाने आत सोडलं. त्या दाबाने अडकलेलं आतडं मागे सरकताना सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसत होतं. काही ठिकाणी याचसाठी हवा वापरतात. ना चिरा, ना टाका! डेन्मार्कच्या हिर्शस्प्रुंग नावाच्या डॉक्टरांनी पाण्याच्या दाबाच्या अशा उपचाराचे अनुभव १८७६ मध्येच लिहून ठेवले होते म्हणे. शंभरातल्या दहाएक बाळांना पुन्हा असं होतं, म्हणून एक दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं.

मैत्रिणींनो, हा उपाय वेळेत पोचलेल्यांसाठी. उशीर झाला तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो, आतडं सडतं, फाटतं. मग ऑपरेशनला पर्याय उरत नाही. पोटातला प्रत्येक अडथळाही असा सुटत नाही. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली तर आतड्याला पीळ पडलेला असू शकतो, तिथे ऑपरेशन तातडीचं.

हा त्रास जास्त करून तीन महिने ते तीन वर्षांच्या मुलांना होतो. थांबून थांबून रडणं, पाय पोटाशी घेणं, उलट्या, मलूलपणा दिसला की निघा. लाल शीची वाट पाहू नका. ती उशिरा दिसते, कधी दिसतही नाही. घुटी-काढा नको, पोट चोळणं नको, घरचा एनिमा तर नकोच.

आमचा अर्धा दिवस घुटीत गेला. नात आता अंगणभर धावते, पण तो अर्धा दिवस मला अजून टोचतो. तुमचा जाऊ नये, म्हणून हे लिहिलं.