उसवलेलं ब्लाऊज

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की भिवंडीच्या रस्त्याला आमचं कोन लागतं. घराच्या पुढच्या खोलीत मी ब्लाऊज शिवते. गिऱ्हाईक सगळं बायकांचं. त्यातलीच एक ‘ती’. तृतीयपंथी. रस्त्यावर टाळी वाजवून दुकानं मागणारी, पण माझ्या दारात चप्पल काढून ‘‘ताई, मागचा गळा जरा खोल ठेवा हं,’’ म्हणणारी. पहिल्यांदा माप घेताना माझाच हात अवघडला होता, खोटं कशाला सांगू?

गेल्या वर्षी एक दिवस ती जुनं ब्लाऊज घेऊन आली. बाही खांद्यापासून उसवलेली, दोन हूक तुटलेले. स्वच्छ धुऊन आणलं होतं.

‘‘कुठे अडकलं गं?’’

‘‘टेम्पोच्या दाराला.’’

मी शिवून दिलं, वीस रुपये घेतले. तीन दिवसांनी ती पुन्हा आली. बायका जाईपर्यंत कोपऱ्यात बसून राहिली. मग म्हणाली, ‘‘ताई, ते दाराला नव्हतं अडकलं.’’ गोदामामागे दोघांनी तिला ओढत नेलं होतं. त्याला तोवर पाच दिवस झाले होते.

मी तिला घेऊन एका सरकारी दवाखान्यात गेले. केसपेपरच्या खिडकीवर पहिला प्रश्न : ‘‘बाई लिहू की पुरुष?’’ मागे रांगेत कुणीतरी हसलं. ‘‘काय झालंय?’’ हाही प्रश्न तिथेच, सगळ्यांसमोर. ती वळली आणि चालू लागली. मीही काही बोलले नाही. ते मला अजून लागतं.

माझी मावसबहीण नर्स आहे. तिला फोनवर सांगितलं तर तिनं मलाच झापलं. ‘‘अगं, एचआयव्ही टाळायच्या गोळ्या बहात्तर तासांच्या आत सुरू कराव्या लागतात! लवकरात लवकर. पुढे अठ्ठावीस दिवस घ्यायच्या. आणि ते ब्लाऊज? तो पुरावा होता.’’ असा कपडा धुवायचा नाही, सुकवून कागदी पिशवीत ठेवायचा, प्लॅस्टिकमध्ये नाही. तिनं तो धुतला, मी त्याला टाके घातले. दोघींना काही ठाऊक नव्हतं.

तिच्याकडूनच कळलं, की केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं 2014 मध्ये अशा तपासणीचे नियम केले, त्यात तृतीयपंथीयांचाही विचार आहे. तपासणी पुरुष डॉक्टरनं करावी की स्त्री डॉक्टरनं, हे त्या व्यक्तीनं ठरवायचं. तिच्या संमतीशिवाय तपासायचं नाही. पोलिसांत तक्रार केली नाही म्हणून उपचार अडवायचे नाहीत. हे सगळं कागदावर आहे. पण खिडकीतल्या माणसाला कुणी सांगितलंय का?

कायद्याची गंमत वेगळीच. (गंमत कसली!) 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. बलात्काराच्या कलमात पीडित म्हणजे ‘स्त्री’, शिक्षा किमान दहा वर्षं. जुनं 377 कलम तर नव्या संहितेत उरलंच नाही. आणि तृतीयपंथीयांसाठीच्या 2019 च्या कायद्यानं लैंगिक अत्याचाराला शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षं. ती एकदा सहज म्हणाली, ‘‘आमचा भाव कमीच लागतो, ताई.’’

बायकांसाठी ‘सखी’ केंद्रं निघाली. त्याच्या कितीतरी आधी, या शतकाच्या सुरुवातीला, वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ सुरू झालं, मारहाण सोसणाऱ्या बायकांना रुग्णालयातच बसून बोलता यावं म्हणून. तेव्हाही ‘घरच्या भांडणाशी दवाखान्याचा काय संबंध’ असं वाटणारे होतेच. मग आता हिच्यासाठी तशी एक खोली का नको? फार काही लागत नाही. दार लावता येईल अशी जागा, प्रत्येक पाळीत नियम माहीत असलेलं एक माणूस, केसपेपरवर ‘इतर’चा रकाना आणि ‘‘तुला काय नावानं हाक मारू?’’ एवढं विचारणं. शिवाय त्यांच्या वस्तीत, गुरूंपर्यंत ही बहात्तर तासांची गोष्ट पोचवायला हवी. कारण दवाखान्याआधी ती तिथे जाते.

दुसऱ्या खेपेला मावसबहिणीनं आपल्या ओळखीच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. गोळ्यांची वेळ टळून गेली होती, पण रक्त तपासलं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं होतं. त्या दिवशी ती सकाळी सातलाच दारात उभी. तेच ब्लाऊज घालून. मी मशीनवर कापड टाकलं आणि चप्पल घातली.