विद्यार्थिनिवास, पदव्युत्तर

पदवी संपादन केल्यानंतर पुढील अध्ययनासाठी अथवा संशोधनासाठी परगावी किंवा परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याची विद्यापीठाच्या आवारात वा त्याच्या निकट होणारी राहण्याची सोय. तीत विद्यापीठाचे वसतिगृह, भाड्याची खोली, अनेकांनी मिळून घेतलेले घर, कुटुंबात पैसे देऊन राहणे आणि धर्मादाय वा ज्ञातिसंस्थांची वसतिगृहे यांचा समावेश होतो. पदवीपूर्व विद्यार्थ्याच्या निवासाहून हा प्रश्न वेगळा आहे. पदव्युत्तर विद्यार्थी वयाने मोठा, कित्येकदा विवाहित असतो. प्रयोगशाळेतील वा ग्रंथालयातील त्याचे काम सुट्टीतही चालू राहते. प्रबंध किती वर्षांत पुरा होईल, हे त्याला आरंभी सांगता येत नाही आणि अधिछात्रवृत्तीची रक्कम बहुधा उशिरा हाती पडते. याउलट घरमालकास नियमित भाडे व ठरलेली मुदत हवी असते. वसतिगृहातील जागा अपुऱ्या असल्या, म्हणजे या दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ गावातील घरभाड्याच्या बाजारात घालावा लागतो. प्रवेश मिळूनही राहण्यास जागा न मिळाल्यामुळे शिक्षण सोडणारा विद्यार्थी विद्यापीठांच्या अहवालांत सहसा दिसत नाही.

इतिहास : प्राचीन भारतात शिष्य गुरुगृही राहत असे, नालंदासारख्या महाविहारांत अध्ययन व निवास एकाच वास्तूत होते. त्यामुळे खोली शोधण्याचा प्रश्न तेथे वेगळा उद्‌भवला नाही. तो खऱ्या अर्थाने मध्ययुगीन यूरोपातील नगर-विद्यापीठांबरोबर आला. बोलोन्या येथे कायदा शिकण्यास येणारे बरेचसे विद्यार्थी प्रौढ व परदेशी होते आणि त्यांना नगराचे नागरी हक्क नव्हते. त्यांनी आपापल्या प्रदेशांनुसार संघ स्थापन केले. घरभाड्यांवर नियंत्रण ठेवणे हे या संघांचे एक प्रमुख काम होते. ठरलेल्या भाड्याहून अधिक मागणाऱ्या मालकाच्या घरावर विद्यार्थी बहिष्कार घालीत व काही वर्षांपर्यंत तेथे कोणी राहत नसे. आजच्या विद्यार्थिसंघटनांना इतके प्रभावी साधन क्वचितच लाभले आहे.

पॅरिसच्या विद्यापीठास पोप नववा ग्रेगरी याने १२३१ मध्ये दिलेल्या सनदेत निवासस्थानांच्या भाडेआकारणीसंबंधी तरतूद होती. ऑक्सफर्ड येथे १२०९ मध्ये नगरवासी व विद्यार्थी यांच्यातील संघर्षात काही विद्यार्थ्यांना फाशी देण्यात आल्यावर अध्यापक व विद्यार्थी गाव सोडून गेले; त्यांपैकी काही केंब्रिजला गेले व तेथील विद्यापीठाचा आरंभ झाला. १२१४ मध्ये पोपच्या प्रतिनिधीने घडवून आणलेल्या तडजोडीनुसार ऑक्सफर्डच्या नागरिकांना विद्यार्थ्यांच्या निवासांचे भाडे दहा वर्षांपर्यंत निम्म्याने कमी करावे लागले. केंब्रिजमध्येही १२३१ साली तिसऱ्या हेन्रीच्या आज्ञेने दोन अध्यापक व दोन नागरिक यांनी मिळून भाडे ठरविण्याची प्रथा मान्य झाली. विद्यार्थी गेले, तर गावाचा व्यापार बसतो, हे नागरिकांना कळलेले असल्यामुळेच असे करार शक्य झाले.

महाविद्यालय (कॉलेज) या संस्थेचा उगमही निवासाच्या गरजेतच आहे. रॉबेअर द सॉरबाँ याने १२५७ च्या सुमारास पॅरिसमध्ये स्थापन केलेली संस्था धर्मशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांसाठी होती आणि हे विद्यार्थी कलाशाखेचा अभ्यासक्रम आधीच पुरा केलेले असत. म्हणजे आजच्या परिभाषेत ते पदव्युत्तर वसतिगृहच होते. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजची (१२६४) मूळ योजनाही याच प्रकारची होती. पदवीपूर्व विद्यार्थ्यांना कॉलेजात मोठ्या संख्येने ठेवण्याची पद्धत नंतरची होय.

विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या किती जवळ राहावे, यावर अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे विसाव्या शतकाच्या आरंभी एक गाजलेला वाद झाला. विद्यापीठाचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या मते पदव्युत्तर निवास आवाराच्या मध्यभागी असावा, म्हणजे संशोधकांचा सहवास पदवीपूर्व विद्यार्थ्यांना लाभेल. पदव्युत्तर शाखेचे प्रमुख अँड्रू वेस्ट यांना तो दूर व स्वतंत्र हवा होता. १९१० मध्ये एका मोठ्या मृत्युपत्री देणगीमुळे वेस्ट यांचा पक्ष प्रबळ ठरला. त्याच वर्षी विल्सन विद्यापीठ सोडून राजकारणात गेले. वेस्ट यांच्या कल्पनेतील ग्रॅज्युएट कॉलेज १९१३ मध्ये मुख्य आवारापासून काही अंतरावर उभे राहिले.

परदेशी विद्यार्थी व निवास : विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये भारतीय विद्यार्थ्यांना वर्णद्वेषामुळे खोली मिळणे कठीण जाई. श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ मध्ये हायगेट भागातील ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू येथे ‘इंडिया हाउस’ सुरू केले, ते प्रथमतः भारतीय विद्यार्थ्यांचे वसतिगृह म्हणून. विनायक दामोदर सावरकर हे १९०६ मध्ये तेथे राहावयास गेले. पुढे ही वास्तू क्रांतिकारकांचे केंद्र म्हणून प्रसिद्ध झाली आणि तिचा मूळ हेतू काहीसा विस्मरणात गेला.

बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव रामजी आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. प्रथम हार्टली हॉल या विद्यापीठाच्या वसतिगृहात, नंतर कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये व पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये ते राहिले. तेथे नवल भथेना हे त्यांचे सहनिवासी व पुढे आजन्म स्नेही झाले. पहिल्या वर्षात नवागताने दोन-तीन जागा बदलणे ही आजही सर्वसाधारण गोष्ट आहे. परंतु १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यास आल्यावर, उच्च पदव्यांसाठी अध्ययन केलेल्या याच तरुणास अस्पृश्यतेमुळे कोठेही जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नावाने राहण्याची पाळी त्यांच्यावर आली आणि ते उघडकीस येताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. निवासाचा प्रश्न केवळ पैशाचा नसतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण देता येणार नाही. उर्वरित शिक्षणासाठी लंडनला पुन्हा गेल्यावर १९२१-२२ मध्ये ते १०, किंग हेन्रीज रोड येथे राहिले. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले.

न्यूयॉर्कमध्ये हॅरी एडमंड्झ यांच्या प्रयत्नांतून व रॉकफेलर यांच्या देणगीतून १९२४ साली ‘इंटरनॅशनल हाउस’ उघडण्यात आले. त्याच धर्तीवर बर्कली (१९३०) व शिकागो (१९३२) येथे निवास झाले. विविध वंशांचे विद्यार्थी एका छपराखाली राहणार म्हणून बर्कली येथे प्रारंभी स्थानिक विरोध झाला होता. पॅरिसच्या दक्षिण सीमेवरील आंतरराष्ट्रीय विद्यार्थिनगरीचे पहिले निवास १९२५ मध्ये खुले झाले. त्यात निरनिराळ्या देशांची स्वतंत्र भवने असून स्वित्झर्लंडच्या भवनाचा आराखडा ल कॉर्ब्यूझ्ये याने केला. लंडनमध्ये मेक्लेनबर्ग स्क्वेअरनजीक ‘लंडन हाउस’ १९३० च्या सुमारास स्थापन झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत माजी सैनिक १९४४ च्या कायद्याचा लाभ घेऊन सपत्नीक विद्यापीठांत आले, तेव्हा त्यांच्यासाठी लष्करी पत्र्याच्या बराकी आवारात उभारण्यात आल्या. विवाहित विद्यार्थ्यांसाठी सदनिका बांधण्याची प्रथा तेव्हापासून रूढ झाली.

महाराष्ट्र : महाराष्ट्रात उच्च शिक्षणाचा प्रसार वसतिगृहांच्या आधारानेच झाला, असे म्हणावयास हरकत नाही. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापूर येथे १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना केली. पुढील काही वर्षांत जैन, लिंगायत, मुस्लिम इ. समाजांसाठी व १९०८ मध्ये अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. खेड्यातील मुलाला शहरातील शाळा-महाविद्यालय खुले असून उपयोग नाही, त्यास तेथे राहावयास व जेवावयास मिळाले पाहिजे, ही त्यांमागील दृष्टी होती. जातवार वसतिगृहे काढल्याबद्दल महाराजांवर टीका झाली. परंतु एकत्र भोजनास समाज तयार नसताना दुसरा मार्ग कितपत उपलब्ध होता, याचा विचार टीकाकारांनी केलेला दिसत नाही. भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहू व जेवू लागली. ही पुढची पायरी होय.

विद्यापीठीय आवारांतील पदव्युत्तर वसतिगृहे मात्र मागणीच्या मानाने अपुरीच राहिली. पुण्यास गणेशखिंडीच्या आवारात जागा न मिळालेले विद्यार्थी औंध, बाणेर, खडकी, शिवाजीनगर या भागांत किंवा सदाशिव, नारायण, शनिवार अशा जुन्या पेठांतून खोल्या शोधतात. पेठांत त्यांना स्पर्धापरीक्षांच्या उमेदवारांशी चढाओढ करावी लागते. मुंबईत कलिन्याच्या आवाराभोवती भाडे इतके चढे आहे, की बरेच विद्यार्थी दूरच्या उपनगरांतून लोकलने येणे पसंत करतात. प्रवासात जाणारे दोन-तीन तास हेही एक प्रकारचे भाडेच होय. रात्री उशिरापर्यंत प्रयोग करणाऱ्यास ते विशेष जड जाते.

पेठांतील रूढ प्रकार ‘कॉट बेसिस’ हा आहे. यात खोली भाड्याने मिळत नाही, तर खोलीतील एक खाट मिळते. कपाट व स्नानगृह सामाईक असते आणि जेवण खानावळीत वा डब्यावर चालते. वसतिगृहातही गावाकडचा मित्र नोंद नसताना खोलीत राहतो. त्यास विद्यार्थी विनोदाने ‘पॅरासाइट’ म्हणतात. अधिकाऱ्यांच्या दृष्टीने हा नियमभंग असला, तरी गरीब विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या या आश्रयावर शिकल्या, हे नाकारता येत नाही.

खोली शोधण्याचा हंगाम साधारणतः जून ते ऑगस्ट असा असतो. गाववाले, वरच्या वर्गातील विद्यार्थी, भिंतीवरील व आता भ्रमणध्वनीवरील जाहिराती आणि दलाल ही शोधाची साधने होत. दलालीपोटी सामान्यतः एक महिन्याचे भाडे घेतले जाते. अनामत रक्कम वेगळी. अविवाहितांना जागा न देणे, आडनाव विचारून जात व धर्म ताडणे, मांसाहारास मनाई करणे हे अनुभव विद्यार्थ्यांना सर्रास येतात. सुखदेव थोरात व त्यांचे सहकारी यांनी दिल्ली परिसरात केलेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दलितांना आणि त्यांहूनही अधिक प्रमाणात मुस्लिमांना भाड्याचे घर नाकारले जाते, असे आढळले. विद्यार्थिनींच्या बाबतीत सायंकाळी परतण्याच्या वेळेचे बंधन हा आणखी एक अडथळा आहे. त्याविरुद्ध दिल्लीत २०१५ मध्ये ‘पिंजरा तोड’ ही चळवळ सुरू झाली.

कायदेशीर बाजू : घरमालकांच्या धास्तीचे मूळ जुन्या कायद्यात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूंचे संरक्षण मिळाले व पुष्कळ मालकांना आपली जागा कायमची गेल्यासारखे वाटले. सध्या लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. करार नोंदविलेला नसल्यास अटींविषयी वाद उद्‌भवला असता राहणाऱ्याचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज देशभर रूढ आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीचे भाडेपट्टे सक्तीच्या नोंदणीत येतात, त्यावरून तो पसरला. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्यास दुप्पट शुल्क भरावे लागते, हे प्रबंध लांबलेल्या विद्यार्थ्याने विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना अंमलात आली. तीनुसार मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत भोजन, निवास व निर्वाह यांसाठी मिळून वर्षाला ६०,००० रु. देण्याचे ठरले. त्यांपैकी निवासाचा वाटा २०,००० रु., म्हणजे महिन्याला सुमारे १,६७० रु. होता. एवढ्यात या शहरांत स्वतंत्र खोली मिळत नाही, फार तर खाटेच्या भाड्यास हातभार लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अधिछात्रास वसतिगृह न मिळाल्यास घरभाडे भत्ता मिळतो. पदव्युत्तर वर्गांतील सामान्य विद्यार्थ्यास मात्र अशी सोय नाही.

परदेशातील आजची स्थिती : महाराष्ट्रातून अमेरिका, जर्मनी, ग्रेट ब्रिटन इ. देशांत पदव्युत्तर शिक्षणासाठी मोठ्या संख्येने विद्यार्थी जातात. अमेरिकेत भाडेकरार बहुधा बारा महिन्यांचा असतो आणि एकत्र राहणाऱ्यांचे दायित्व कित्येकदा संयुक्त असते; एक सहनिवासी निघून गेल्यास त्याचा वाटा उरलेल्यांना भरावा लागतो. नवागताला त्या देशातील पतइतिहास नसल्याने जामीनदार किंवा अधिक अनामत मागितली जाते. १९६८ च्या कायद्याने वंश, धर्म वा राष्ट्रीय मूळ यांवरून घर नाकारण्यास तेथे मनाई आहे. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्यानुसार सामान्य भाडेकरारात अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापुरती मर्यादित असते. जर्मनीत ती तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक घेता येत नाही व तीन हप्त्यांत देता येते. तेथे ‘थंड’ भाडे म्हणजे केवळ जागेचे आणि ‘उबदार’ भाडे म्हणजे तापन वगैरे खर्चांसह, असा भेद करतात. तो न कळल्याने विद्यार्थ्यांचे अंदाजपत्रक कोलमडते. विद्यार्थिसाहाय्यक संस्थांची वसतिगृहे स्वस्त असतात, परंतु मोठ्या शहरांत त्यांची प्रतीक्षायादी लांबलचक असते. म्हणून बरेच जण चार-पाच जणांच्या सामाईक घरात एक खोली घेतात. अशा घरात जुने रहिवासी नव्याची मुलाखत घेऊन निवड करतात.

जागा न पाहता मायदेशातूनच पैसे पाठविल्यामुळे फसवणुकीचे प्रकार सर्वत्र घडतात. दुसऱ्याच्या घराची छायाचित्रे दाखवून, मालक परदेशी असल्याचे सांगून व किल्ली टपालाने पाठविण्याचे आश्वासन देऊन अनामत उकळणे ही त्यांची नेहमीची रीत आहे. यावर उपाय म्हणून विद्यापीठाच्या आवारातील भारतीय विद्यार्थिमंडळे नवागतांना पहिले काही दिवस जुन्या विद्यार्थ्यांकडे उतरवून घेतात व तेवढ्या अवधीत जागा प्रत्यक्ष पाहून ठरविली जाते. जर्मनीत घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंद करावी लागते व तीसाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. हे प्रमाणपत्र देण्यास मालक तयार आहे की नाही, याची खात्री खोली ठरवितानाच करून घ्यावी लागते.