पंचाण्णव विरुद्ध शून्य
२३ जून १९८८ रोजी, वॉशिंग्टनच्या असह्य उकाड्यात, जेम्स हॅन्सन या शास्त्रज्ञाने सिनेटच्या समितीपुढे पृथ्वी तापत असल्याची साक्ष दिली आणि ती रीतसर दप्तरी दाखलही झाली. परंतु १९९७ साली, क्योटोचा हवामान करार व्हायच्या आधीच, विकसनशील राष्ट्रांवर बंधन नसेल तर असला करार नको, असा ठराव त्याच सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी मंजूर केला. ठरावाचे एक सूत्रधार रॉबर्ट बर्ड हे कोळशाच्या खाणींवर पोसलेल्या वेस्ट व्हर्जिनियाचे. मतदारांची चूल ज्यावर पेटते त्याविरुद्ध हात वर करणे सोपे नसते, हे मान्यच केले पाहिजे. फेब्रुवारी २०१५ मध्ये मात्र सिनेटर जेम्स इनहॉफ यांनी, पृथ्वी तापत असल्याचे खोडून काढण्यासाठी, प्लास्टिकच्या पिशवीतून बर्फाचा गोळा काढून भर सभागृहात फेकला. पर्यावरण समितीचे अध्यक्षपद तेव्हा त्यांच्याचकडे होते!