घरचा तारा, घरची भेट

डिसेंबर उजाडला की बंगळुरूच्या शिवाजीनगरातील रसेल मार्केटच्या परिसराचे रूप पालटते. कागदी तारे, येशूजन्माच्या गोठ्यासाठी लागणाऱ्या मूर्ती, चमकत्या माळा आणि लहानमोठे नाताळवृक्ष यांनी दुकाने भरून जातात. मुलांचा हट्ट सुरू होतो आणि पालकांचा हात नकळत क्रेडिट कार्डाकडे वळतो. सण सरतो, तारा खाली उतरतो. जानेवारीत बिल मात्र दारात उभे राहते. दरमहा साडेतीन टक्के आकार धरला, तर १०,००० रुपयांच्या थकबाकीवर एका महिन्याला ३५० रुपये, म्हणजे सरळ हिशेबाने वर्षाला ४२ टक्के भुर्दंड पडतो.

वास्तविक नाताळची सजावट मुळात विकत आणण्याची नव्हे, हाताने घडविण्याची गोष्ट होती. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी इ.स. १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो या गावी येशूजन्माचा देखावा उभारला, तेव्हा तेथे होते ते गवत, बैल आणि गाढव. युरोपात प्रसिद्ध असलेला अनेक टोकांचा मोराव्हियन तारा एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील निवासी शाळेत जन्मला. भूमितीच्या पाठासाठी मुलांनी तो कागदातून साकारला होता.

ही परंपरा बंगळुरूतील अनेक ख्रिस्ती घरांत आजही जिवंत आहे. गोठ्याभोवतीची हिरवळ बाजारातून येत नाही. ती नाचणीतून उगवते. मूठभर नाचणी रात्रभर भिजवून उथळ ताटलीतील मातीवर पसरावी आणि रोज पाणी शिंपडावे. आठदहा दिवसांत पोपटी गालिचा तयार होतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पेरणी केली, की नाताळच्या सुमारास तो ऐन बहरात असतो. जुन्या खोक्याचा गोठा आणि वर्तमानपत्राला रंग देऊन केलेले डोंगर यांची जोड मिळाली, की देखावा पूर्ण होतो.

तारा करणे मराठी माणसाला तर मुळीच अवघड नाही. दिवाळीच्या आकाशकंदिलाचीच ती विद्या आहे : बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगाचा कागद आणि घरची खळ. आत मेणबत्ती न लावता कमी वॅटचा एलईडी दिवा लावावा. तो फारसा तापत नाही आणि वीजही थोडीच खातो.

भेटवस्तूंचेही असेच आहे. मंगळुरूहून बंगळुरूत स्थायिक झालेली कोकणीभाषक ख्रिस्ती कुटुंबे नाताळला ‘कुस्वार’ करतात. नेवऱ्या, किडियो, गुलाबाच्या आकाराची कुरकुरीत बिस्किटे असे नाना पदार्थ ताटात मांडून ते शेजाऱ्यांकडे पाठविले जातात. नेवरी म्हणजे आपली करंजीच. दिवाळीला फराळाचे ताट जाते, नाताळला कुस्वारचे येते, आणि या देवघेवीत दुकानातील वेष्टनाची उणीव कोणालाही भासत नाही. अँग्लो-इंडियन घरांत केकसाठी सुका मेवा आठवडे आधी रममध्ये भिजत घालतात. उत्तम भेटीला पैशापेक्षा पूर्वतयारी अधिक लागते, हेच यावरून दिसते.

पूर्वतयारीचा हा नियम पैशालाही लागू पडतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात कार्लाइल येथील एका बँकेने १९०९ मध्ये नाताळसाठी वर्षभर थोडी थोडी रक्कम साठविण्याची योजना सुरू केली आणि पुढे ती कल्पना देशभर पसरली. आपल्याकडे आवर्ती ठेव हेच काम करते. जानेवारीपासून दरमहा ५०० रुपये भरले, तर बारा हप्त्यांत ६,००० रुपये मुद्दल जमते, व्याज निराळे. केकचे साहित्य, मुलांचे कपडे आणि एखादी आवश्यक भेट यांचा खर्च त्यातून भागविता येतो. हप्ता खात्यातून आपोआप वळता करण्याची सूचना दिल्यास विसरण्याचा प्रश्नही उरत नाही.

हाताने केलेल्या ताऱ्याचे एखादे टोक वाकडे होईल, नेवरीची कडा तेलात सुटेल. पण तारा करताना आई-वडील मुलांसमवेत बसतात, मुले कामट्या बांधावयास शिकतात आणि कोणती वस्तू घ्यावी, कोणती घरी करावी, याचा हिशेब त्यांच्या कानांवर पडतो. बचतीचा हा पहिला धडा त्यांना घरातच मिळतो. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी त्या घरात देणे नसते आणि पुढच्या नाताळचा पहिला हप्ता भरण्याची तयारी झालेली असते.