ज्ञानसंक्रमणाच्या तीन प्राचीन परंपरा : पाटण येथील शिलालेखाच्या संदर्भात एक तुलनात्मक विवेचन

प्रस्तावना :
धर्मपरंपरांची तुलना करताना ईश्वरविषयक कल्पना व मोक्षविचार यांवर सामान्यतः भर दिला जातो. तथापि कोणतीही परंपरा टिकते ती आपले ज्ञान पुढील पिढीच्या स्वाधीन करण्याच्या व्यवस्थेमुळे. या दृष्टीने ब्राह्मणी, यहुदी व कन्फ्यूशियन परंपरांचा तौलनिक विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ब्राह्मणी परंपरा :
वेदांचे जतन मौखिक पद्धतीने झाले. पद, क्रम, जटा, घन इत्यादी पाठांमुळे शब्द व स्वर यांत फरक पडू नये अशी योजना होती. शास्त्राध्ययनास मात्र राजाश्रयाची जोड लागे. चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख याचे उत्तम प्रमाण होय. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू व यादवराजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापिला. निकुंभ वंशीय सोइदेवाने त्यास दान दिले. लेखातील वंशावळ संस्कृतात, तर दानाचा तपशील जुन्या मराठीत आहे. अर्थात विद्येची भाषा एक व तिचा भार वाहणाऱ्या समाजाची भाषा दुसरी, हे वास्तव एकाच शिळेवर कोरलेले दिसते.

यहुदी परंपरा :
इ. स. ७० मध्ये जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्यावर यज्ञविधीचे स्थान प्रार्थना व ग्रंथाध्ययनाने घेतले. इ. स. २०० च्या सुमारास मिश्ना संकलित झाली. कोकणातील बेने इस्रायल समाजापाशी मात्र दीर्घकाळ हिब्रू ग्रंथही नव्हते. सुंता, आहारनियम व शनिवारची विश्रांती या गृहाचारांवर त्यांची ओळख टिकली; शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांचे मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये उभे राहिले. म्हणजे तेथे आचार आधी टिकला, ग्रंथ मागाहून परतला.

कन्फ्यूशियन परंपरा :
चीनमध्ये या कार्याचा भार राज्यसंस्थेने उचलला. हान सम्राट वू याच्या काळात इ. स. पू. १२४ मध्ये राजकीय विद्यापीठ स्थापन झाले. पुढे अभिजात ग्रंथांवर आधारित परीक्षांतून अधिकारी निवडले जाऊ लागले. १९०५ मध्ये ही परीक्षापद्धती रद्द होताच त्या अध्ययनाचा प्रमुख व्यावहारिक आधार नाहीसा झाला.

तौलनिक निरीक्षणे :
पहिल्या परंपरेचा आधार गुरुकुल व दाता, दुसऱ्या परंपरेचा कुटुंब व समुदाय, तर तिसऱ्या परंपरेचा शासन हा होता. पाटणचा मठ आज अस्तित्वात नाही; पण 'सिद्धान्तशिरोमणि' टिकला, कारण त्याच्या प्रती व टीका अनेक ठिकाणी तयार होत राहिल्या. एकाच आधारावर विसंबलेले ज्ञान त्या आधाराबरोबर ढासळते, हे यावरून स्पष्ट होते.

तिन्ही परंपरांची एक मर्यादाही समान आहे. औपचारिक अध्ययनापासून स्त्रिया बहुतांशी वंचित राहिल्या; ब्राह्मणी परंपरेत शूद्रांना वेदाधिकार नाकारला गेला. १८४८ मध्ये पुण्यात फुले दांपत्याने मुलींसाठी काढलेल्या शाळेचे महत्त्व या पार्श्वभूमीवर अधिक जाणवते.

निष्कर्ष :
परंपरेचे जतन आणि ज्ञानाचा अधिकार हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर प्राचीनांनी समर्थपणे दिले. दुसऱ्याचे उत्तर अपुरे राहिले. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत पहिल्याच पिढीतील विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकत असताना, हे अपुरे उत्तर पूर्ण करण्याचे दायित्व अध्यापकवर्गावर येते.