'रिबेका'ची प्रेरणा : जे हाती नाही त्याची कादंबरी

कादंबरीच्या प्रेरणेचा विचार करताना अभ्यासक बहुधा दोन टोकांकडे झुकतात. एका टोकाला लेखकाच्या आयुष्यातील घर, व्यक्ती, घटना शोधून काढून त्यांची कादंबरीतील घर, व्यक्ती, घटना यांच्याशी जोडी लावली जाते. आणि जोडी लागली की कादंबरी उलगडली, असे समाधान मानले जाते. दुसऱ्या टोकाला साहित्यकृती स्वायत्त आहे, सबब तिच्या उगमाची चौकशीच अप्रस्तुत आहे, असा पवित्रा घेतला जातो. पहिल्या भूमिकेत कलाकृती चरित्राची पुरवणी ठरते, तर दुसरीत निर्मितिप्रक्रियेचा प्रश्नच बाद होतो. या दोहोंच्या मधली वाट कोणती, हे एखाद्या विशिष्ट कृतीच्या आधारेच तपासता येते. डॅफ्ने ड्यू मॉरिये (१९०७–१९८९) यांची 'रिबेका' (१९३८) ही कादंबरी त्या दृष्टीने सोयीची आहे. एक तर तिच्या प्रेरणास्थानांची माहिती विपुल उपलब्ध आहे. दुसरे म्हणजे ती प्रेमकथा आणि गुन्हेकथा या दोन लोकप्रिय प्रकारांच्या सीमेवर उभी आहे. आणि तिसरे म्हणजे तिच्या प्रेरणेचा प्रश्न प्रत्यक्ष न्यायालयात चर्चिला गेला आहे.

कथानकाचा सांगाडा

एक निर्धन, लाजाळू तरुणी एका श्रीमंत स्त्रीची पगारी सोबतीण म्हणून मोंटे कार्लोला आलेली असताना मॅक्झिम द विंटर या विधुर जमीनदाराशी तिचा विवाह होतो. समुद्रकाठच्या मॅन्डर्ली या वाड्यात ती येते, तेव्हा त्या घरावर मॅक्झिमच्या दिवंगत पत्नीची, रिबेकाची, सत्ता अबाधित असल्याचे तिला दिसते. घराची कारभारीण मिसेस डॅन्व्हर्स ही सत्ता जपते आहे. पुढे किनाऱ्याजवळ एक जहाज खडकांवर रुतते. त्याची पाहणी करण्यासाठी उतरलेल्या पाणबुड्याला रिबेकाची बुडालेली होडी आणि तिच्यातला मृतदेह सापडतो. आणि मॅक्झिम पत्नीजवळ कबुली देतो की, रिबेकाला त्यानेच गोळी घालून मारले होते. मृत्युचौकशीत आत्महत्येचा निर्णय होतो. रिबेकाला असाध्य कर्करोग होता हे लंडनच्या डॉक्टरकडून उघड झाल्यावर त्या निर्णयाला बळकटी येते. मॅक्झिम सुटतो, परंतु मॅन्डर्ली आगीत भस्मसात होते. निवेदिका असलेल्या या दुसऱ्या पत्नीचे नाव अखेरपर्यंत वाचकाला कळत नाही.

घर : पाहिलेले, परंतु न मिळालेले

लंडनमधील नटश्रेष्ठ व नाट्यव्यवस्थापक सर जेराल्ड ड्यू मॉरिये यांच्या या कन्येला कॉर्नवॉलचा किनारा गवसला तो १९२६ मध्ये, कुटुंबाने फोई नदीच्या मुखाजवळ बॉडिनिक येथे घर घेतले तेव्हा. त्या परिसरात भटकताना रॅशली घराण्याचा मेनाबिली हा वाडा त्यांच्या दृष्टीस पडला. दाट झाडीत दडलेला, वेलींनी वेढलेला हा वाडा ओसाड पडला होता. परक्याच्या हद्दीत चोरून शिरावे आणि बंद खिडक्यांतून आत डोकावावे, असा क्रम त्यांनी आरंभला. 'रिबेका' लिहिली गेली त्या वेळी त्या वाड्यावर त्यांचा कोणताही हक्क नव्हता. १९४३ मध्ये त्यांनी तो भाडेपट्ट्याने घेतला, दुरुस्त केला आणि १९६९ पर्यंत तेथे वास्तव्य केले. मिळकत वारसाहक्काने घराण्याशी बांधलेली असल्याने ती विकत घेणे त्यांना शक्य नव्हते. शेवटी वाडा मूळ घराण्याकडे परत गेला.

मॅन्डर्लीचे सगळेच रूप मात्र मेनाबिलीचे नाही. मेनाबिलीच्या मानाने मॅन्डर्लीचे अंतरंग पुष्कळच भव्य आहे. त्याचा उगम पीटरबरोजवळील मिल्टन हॉल या वाड्यात आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, बालपणी, तेथे राहण्याचा योग त्यांना आला होता. प्रशस्त दालने, नोकरांचा ताफा, त्यावर देखरेख करणारी कारभारीण यांचा बालमनावर उमटलेला ठसा मॅन्डर्लीच्या आत उतरला. म्हणजे एका घराचे बाह्यरूप व परिसर आणि दुसऱ्या घराचे अंतरंग यांच्या संयोगातून तिसरे, कोठेही नसलेले, घर निर्माण झाले. 'मॅन्डर्ली म्हणजेच मेनाबिली' हे समीकरण या कारणाने अपुरे ठरते.

असूया : न पाहिलेल्या काळाची

१९३२ मध्ये त्यांचा विवाह फ्रेडरिक ब्राउनिंग या लष्करी अधिकाऱ्याशी झाला. ब्राउनिंग यांचा पूर्वी जॅन रिकार्डो नावाच्या तरुणीशी वाङ्निश्चय झाला होता व तो मोडला होता. तिची जुनी पत्रे ड्यू मॉरिये यांच्या हाती लागली; त्यांखालील सहीत 'आर' हे अक्षर डौलदार आणि ठसठशीत होते. कादंबरीत रिबेका प्रथम अवतरते ती एका कवितासंग्रहावरील हस्ताक्षराच्या रूपाने, आणि तेथेही तेच आद्याक्षर इतर अक्षरांना झाकोळून टाकते. ही कादंबरी असूयेचा अभ्यास आहे, असे स्वतः लेखिकेचेच म्हणणे होते.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. समोर उभ्या असलेल्या प्रतिस्पर्धिनीविषयीची असूया आणि पतीच्या गतकाळाविषयीची असूया या दोन निराळ्या भाववृत्ती आहेत. पहिलीला उत्तर देता येते. दुसरीला येत नाही, कारण गतकाळाशी भांडता येत नाही. जिवंत तरुणीचे रूपांतर कादंबरीत मृत पत्नीत होते, त्यामागे हे तर्कशास्त्र आहे. प्रतिस्पर्धिनी मृत असेल तरच तिचे निर्दोषत्व अबाधित राहते आणि निवेदिकेची कल्पना तिला मनाजोगी वाढवू शकते. हस्ताक्षर, रुमाल, कपड्यांचे कपाट, नोकरांच्या सवयी एवढ्या खुणांवरून निवेदिका एक संपूर्ण स्त्री रचते. आणि ही रचना मुळातच चुकीची होती, हा कादंबरीतील सर्वांत मोठा रहस्यभेद आहे.

समुद्र : रहस्याचे साधन

समुद्रकिनारा या कादंबरीत केवळ पार्श्वभूमी नाही. मेनाबिलीच्या खाली पोलरिडमथ ही लहानशी खाडी आहे आणि तेथे पाण्यालगत एक एकाकी घर आहे. रिबेकाच्या होडीघराची जागा ती हीच. १९३० मध्ये या खाडीत 'रोमनी' हे जहाज फुटले आणि त्याचे अवशेष ड्यू मॉरिये यांनी पाहिले. कादंबरीत जहाज रुतण्याची घटना कथानकाचा कणा आहे. समुद्राने झाकलेला गुन्हा समुद्रातीलच दुसऱ्या अपघाताने उघडा पडतो. रिबेकाच्या होडीचे फ्रेंच नाव 'मी परत येते' अशा अर्थाचे आहे, आणि ती अक्षरशः परत येते. खून, पुराव्याची विल्हेवाट, पुराव्याचे पुन्हा प्रकटणे आणि चौकशीतील होडीबांधणीच्या कारागिराची साक्ष, अशी गुन्हेकथेची सर्व यंत्रणा किनाऱ्याच्या भूगोलातून चालते. स्थळ बदलले तर वर्णने बदलून भागणार नाही. गुन्हाच बदलावा लागेल.

अलेक्झांड्रिया : दुराव्याचे कार्य

कॉर्नवॉलची ही कादंबरी लिहावयास घेतली गेली ती मात्र इजिप्तमध्ये. पतीची नेमणूक अलेक्झांड्रियाला झाल्याने ड्यू मॉरिये यांना तेथे राहावे लागले. तेथील उकाडा, अधिकाऱ्याच्या पत्नीला चुकवता न येणारे समारंभ, पाहुण्यांची सरबराई हे सारे त्यांच्या संकोची स्वभावाला जाचक होते. १९३७ मध्ये केलेला सुमारे १५,००० शब्दांचा पहिला प्रयत्न त्यांनी फाडून टाकला. त्या वर्षाच्या अखेरीस इंग्लंडला परतल्यावर लेखनाने वेग घेतला आणि ऑगस्ट १९३८ मध्ये व्हिक्टर गोलान्झ यांनी कादंबरी प्रसिद्ध केली. पहिली आवृत्ती २०,००० प्रतींची होती. महिन्याभरात त्याच्या दुपटीहून अधिक प्रती खपल्या.

लेखनाच्या काळातील टिपणवही पुढे 'द रिबेका नोटबुक' या नावाच्या पुस्तकात प्रकाशित झाली. तीत प्रकरणवार आराखडा आहे. नायकाचे नाव तेथे हेन्री आहे. आणि परदेशातील हॉटेलात दिवस कंठणाऱ्या दांपत्याचे चित्रण उपसंहार म्हणून योजलेले आहे. छापील कादंबरीत या उपसंहारातील आशय आरंभी आला. हा फरक केवळ तंत्राचा नाही. परक्या, उन्हाळलेल्या प्रदेशात बसून मायदेशातील शिळ्या बातम्या वाचणारे दांपत्य आधी भेटते आणि मॅन्डर्ली नंतर. त्यामुळे वाड्याची ओळख होते ती गमावलेली वस्तू म्हणूनच. अलेक्झांड्रियात बसून कॉर्नवॉल आठवणाऱ्या लेखिकेची मनःस्थिती अशा रीतीने कादंबरीच्या रचनेत उतरली आहे.

साम्य आणि उसनवारी

प्रेरणेची चर्चा पुरी करावयाची तर वाङ्मयीन ऋणाचाही विचार करावा लागतो. शार्लट ब्राँटे यांच्या 'जेन एअर'शी (१८४७) असलेले नाते उघड आहे. गरीब तरुणी, वयाने मोठा व गूढ धनी, पहिल्या पत्नीचे रहस्य, जळणारा वाडा हे सर्व घटक तेथे आहेत. ब्राझीलच्या कारोलिना नाबुको यांच्या 'आ सुसेसोरा' (१९३४) या कादंबरीतही पहिल्या पत्नीच्या छायेत वावरणारी दुसरी पत्नी आहे. या साम्यावरून ब्राझीलमध्ये आरोप झाले आणि ड्यू मॉरिये यांच्या बाजूने ते नाकारले गेले. अमेरिकेत तर एडविना मॅकडोनल्ड यांच्या लेखनाची चोरी केल्याचा दावाच दाखल झाला. १९४७ मध्ये ड्यू मॉरिये यांनी न्यूयॉर्कला जाऊन साक्ष दिली. उपरोक्त टिपणवही त्या वेळी पुरावा म्हणून उपयोगी पडली. १९४८ मध्ये दावा फेटाळला गेला.

या वादातून अभ्यासकाने घ्यावयाचा बोध असा, की आशयसूत्राच्या पातळीवरील साम्य आणि रचनेच्या पातळीवरील साम्य यांत अंतर राखले पाहिजे. 'मृत पहिली पत्नी आणि भयभीत दुसरी पत्नी' हे सूत्र कोणा एकाच्या मालकीचे नाही. त्या सूत्रातून कोणता प्रश्न उभा राहतो, यावर कृतीचे वेगळेपण ठरते.

गुन्ह्याचे मूळ

'रिबेका'तून उभा राहणारा प्रश्न कोणता? मॅक्झिमने खून का केला, याचे उत्तर पुन्हा घराशी येऊन थांबते. रिबेकाच्या व्यभिचाराची माहिती त्याला विवाहानंतर लगेच झाली होती. घराण्याची आणि मॅन्डर्लीची अब्रू राखण्यासाठी त्याने ती मुकाट्याने गिळली. गोळी सुटते ती दुसऱ्याचे मूल मॅन्डर्लीचा वारस होईल, असे रिबेका त्याला सूचित करते तेव्हा. म्हणजे गुन्ह्याचा हेतू मत्सरापेक्षा मालकी हा अधिक आहे. वारसाहक्काने बांधलेल्या, म्हणून कधीच आपल्या न होणाऱ्या घराचा ध्यास ज्या लेखिकेला लागला होता, तिच्या कादंबरीत खुनाचे कारण वारसाहक्क असावे, हा योगायोग मानणे कठीण आहे.

खुनाची कबुली ऐकल्यावर निवेदिकेला प्रथम दिलासा वाटतो : पतीचे रिबेकावर प्रेम नव्हते! एका स्त्रीचा खून झाला आहे, ही जाणीव त्या दिलाशाखाली दबून जाते. आणि निवेदन प्रथमपुरुषी असल्याने वाचकही नकळत खुन्याच्या सुटकेची वाट पाहू लागतो. प्रेमकथेने गुन्हेकथेवर केलेली ही मात कादंबरीचा सर्वांत अस्वस्थ करणारा विशेष आहे. रिबेकाची बाजू कोणीच मांडत नाही. तिच्याविषयी जे कळते, ते बहुतांशी तिच्या मारेकऱ्याकडून. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९४० च्या चित्रपटात तत्कालीन नियमावलीमुळे खुन्याला निर्दोष सोडणे शक्य नव्हते. म्हणून रिबेकाचा मृत्यू अपघाती दाखवावा लागला आणि नेमका हाच नैतिक पेच नाहीसा झाला. मुंबईत याच कथेवर आधारलेला 'कोहरा' (निर्माते हेमंतकुमार, दिग्दर्शक बिरेन नाग) १९६४ मध्ये आला. मराठी अभिनेत्री ललिता पवार यांनी त्यात मिसेस डॅन्व्हर्सच्या वळणाची दाईमाँ साकारली. घरावरचा मृत स्त्रीचा अंमल एका जिवंत चेहऱ्यातून दाखविण्याची ही युक्ती इंग्लंडबाहेरच्या प्रेक्षकालाही परकी वाटली नाही.

समारोप

मेनाबिली, मिल्टन हॉल, जॅन रिकार्डोची पत्रे, पोलरिडमथचे फुटलेले जहाज, अलेक्झांड्रियाचा उकाडा ही प्रेरणास्थाने वेगवेगळी पाहिली तर ती केवळ चरित्रातील माहिती ठरतात. त्यांना जोडणारे सूत्र अनुपस्थितीचे आहे. घर आपले नाही, पतीचा भूतकाळ आपला नाही, आणि लिहिताना मायभूमीही जवळ नाही. 'रिबेका'ची प्रेरणा या वस्तूंत शोधण्याऐवजी त्यांच्याशी असलेल्या या नात्यात शोधावी लागते. निवेदिकेला नाव नसणे, रिबेका एकदाही प्रत्यक्ष न दिसणे आणि मॅन्डर्ली पहिल्या पानापासूनच गमावलेली असणे, या तिन्ही रचनाविशेषांचा उगम तेथेच आहे. मॅक्झिम कायद्याच्या हातून सुटतो. परंतु ज्या घरासाठी त्याने खून केला, ते घर त्याला राहत नाही. पोलिसांनी न दिलेली ही शिक्षा कादंबरीच्या रचनेने दिली आहे. लोकप्रिय कादंबरी म्हणून 'रिबेका' बाजूस सारणाऱ्या अभ्यासकाने निदान या न्यायाची दखल घ्यावयास हवी.