चमचाभर इंजिन, चाळीस हजार फेरे

दारातल्या अ‍ॅक्टिव्हाचं इंजिन साधारण 110 सीसीचं. नायट्रोवर पळणाऱ्या, मूळ गाडीच्या आठव्या हिश्शाच्या रिमोट बगीचं फक्त 3.5 सीसीचं. चहाचा चमचाही भरणार नाही! पण हे पिटुकलं मिनिटाला 30 ते 40 हजार फेरे घेतं आणि दोन अश्वशक्तींच्या वर ताकद काढतं.

यात पेट्रोल चुकूनही ओतायचं नाही. मेथॅनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असा हा काढा. एक किलो पेट्रोल नीट जाळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, नायट्रोमिथेनला जेमतेम 1.7 किलो. म्हणजे हवा तेवढीच, पण तिच्यासोबत इंधन कितीतरी जास्त जळतं. अमेरिकेतल्या टॉप फ्युएल ड्रॅगस्टर गाड्यांच्या टाकीत हेच रसायन 90 टक्क्यांपर्यंत असतं. आपल्या बगीला 20-25 टक्के पुरे.

स्पार्क प्लगही नाही. ग्लो प्लगमधली प्लॅटिनमची तार सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलवर तापवायची, मग सेल काढून घ्यायचा. पुढे मेथॅनॉल आणि प्लॅटिनमच्या संगतीनं तार आपली आपण लाल राहते.

आता खरेदी. खोक्यावरचा वेगाचा आकडा वाचून पाघळू नका. सर्वांत सुसाट ऑन-रोड गाड्या: फोमचे टायर, दोन गिअर, ताशी 120 किलोमीटरच्या पुढे. पण पोट जमिनीपासून काही मिलिमीटर वर. रस्ता कॅरम बोर्डासारखा हवा. आपल्या सोसायटीत एक खडा आडवा आला की पुढचा सस्पेन्शन आर्म हातात. (नुसत्या वेगाचीच हौस असेल तर सरळ बॅटरीवाल्यांकडे वळा. 2014 मध्ये अमेरिकेतल्या युटामध्ये एका बॅटरीच्या मॉडेलनं ताशी 325 किलोमीटर गाठले!)

मॉन्स्टर ट्रक दिसायला पैलवान. ट्रॅक्सस कंपनीनं 1999 मध्ये टी-मॅक्स काढला तेव्हा त्यात रिव्हर्स गिअर होता. उलटं जायचं सुख नायट्रोत दुर्मीळच. मात्र उंची जास्त म्हणून वळणावर कोलांटी, आणि जडशीळ चाकांचा सगळा भार गिअर-शाफ्टवर.

माझं मत बगीला. चारही चाकांना ताकद, सिलिकॉन तेलानं भरलेले तीन डिफरन्शियल, वजन सव्वातीन किलोच्या आसपास, वेग साठ-सत्तर. जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी चक्क एक तासाची असते आणि टाकी 125 सीसीची. त्यामुळे दर काही मिनिटांनी पिटमध्ये येऊन पिचकारीच्या बाटलीनं पोट भरून घ्यायचं. तासभर उड्या मारून जी शाबूत राहते, तिला तुमच्या मैदानाचं काय भय?

तरी ती मरते. बहुतेक वेळा आपल्याच हातून. सिलिंडर वरच्या टोकाला मुद्दाम किंचित निमुळता घडवलेला असतो. नवं इंजिन थंड असताना पिस्टन तिथे गच्च अडकतो आणि दोरी ओढून खांदा भरून येतो. तापल्यावरच माप जमतं. म्हणून पहिल्या चार-पाच टाक्या इंधन जास्त सोडून, निळसर धूर काढत, सावकाश. घाई झाली आणि इंधन कमी-जास्त करणारी कार्ब्युरेटरची सुई आवळली की इंजिन तापलंच म्हणून समजा.

तापमापी नसेल तर घावनाच्या तव्याची युक्ती. इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा थेंब सोडा. तीन-चार सेकंद चुरचुरून उडाला तर ठीक. पडताक्षणी गायब झाला तर सुई सैल करा, लगेच.

एअर फिल्टरचा फोम तेलात भिजलेला हवा, नाहीतर लाल माती थेट पिस्टनला पॉलिश करते. मेथॅनॉल हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे दिवस संपताना उरलेलं इंधन जाळून टाकायचं आणि दोन थेंब आफ्टर-रन तेल सोडायचं. इंजिन बंद झालं की गरम असतानाच फ्लायव्हील फिरवून पिस्टन खाली आणून ठेवा, नाहीतर गार होताना तो त्या निमुळत्या टोकात अडकेल. पिस्टन खाली असताना फ्लायव्हीलवर मार्करनं एक ठिपका काढून ठेवलात, तर अंधार पडल्यावरही शोधावं लागत नाही.